माचाचा डबा आलाय, मफिन करायचेत

ताई : मैत्रिणीने जपानहून माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीचा, डबा आणून दिलाय, ३० ग्रॅमचा. घरात एकेक घोट घेऊन सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. शनिवारी पोरांची मित्रमंडळी येणार आहे, तर त्याचे मफिन करावेत म्हणते. माचा आणि चॉकलेट. मावशी, प्रमाण दे ना.

मामा : हिरवे मफिन? बुरशी धरली म्हणून पोरं हातसुद्धा लावणार नाहीत.

आजी : चहाची पूड केकात कोण घालतं गं?

छोटी : आजी, भारी लागतं ते! ताई, मला फोटो काढायचाय, त्यामुळे एकदम हिरवेगार झाले पाहिजेत.

मावशी : हिरवेगारचं नंतर बघू. आधी पूड कशी आहे ते दाखव. पांढऱ्या कागदावर चिमूटभर घे, बोटाने ओढ आणि फोटो टाक.

ताई : (फोटो)

मावशी : छान आहे की. रंग गर्द आहे आणि रेघ न तुटता लांब गेलीय, म्हणजे दळण बारीक. पिवळट शेवाळी रंग असता आणि रेघेत कण दिसले असते, तर केक सोड, कशातच घालू नकोस म्हटलं असतं.

मामी : अक्का, आमच्याकडे ग्रीन टीच्या बॅगा पडून आहेत. फोडून मिक्सरला फिरवल्या तर नाही का चालणार?

मावशी : नको गं, वाया जाईल सगळं. तो चहा उकळून, गाळून प्यायचा आणि पानं टाकून द्यायची. माचा अख्खा पोटात जातो, म्हणून त्याचं पानच वेगळं वाढवतात. तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे झुडपांवर आच्छादन घालतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि तुरटपणा फार चढत नाही. मग पानं वाफवायची, वाळवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या आणि उरलेलं दगडी जात्यावर दळायचं. एका जात्यातून तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम पूड पडते. तुझ्या मिक्सरमध्ये बॅगेतली पानं देठांसकट भरडली जातील. मफिन तपकिरी होतील आणि दाताखाली कचकच येईल.

मामा : तासाला ४० ग्रॅम! म्हणजे दादाला आंघोळीला जितका वेळ लागतो तेवढ्यात ताईचा एक डबा.

दादा : मामा, कामाचं बोल.

मामा : बोलतो. चहाची पूड पाण्यात घुसळून प्यायची रीत मुळात चीनची. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनमधून परत आला, तेव्हा चहाचं बी आणि ही रीत घेऊन जपानात आला. चीनमध्ये पुढे मिंग राजवटीत सुट्या पानांचा चहा रूढ झाला आणि पूड मागे पडली. जपान्यांनी मात्र सोडली नाही. झालं का कामाचं?

ताई : डब्यावर उजी लिहिलंय.

मावशी : उजी म्हणजे क्योतोच्या शेजारचं, माचासाठी जुनं नावाजलेलं ठिकाण. पण नुसत्या नावावर जाऊ नये. रंग आणि वास बघायचा.

दादा : आणि कुणी विकत आणणार असाल तर 'सेरेमोनिअल ग्रेड', म्हणजे चहा-समारंभाच्या दर्जाचा, असं छापलेलं बघून भुलू नका. त्या शब्दामागे जपानमध्ये कुठलंही सरकारी प्रमाण नाही, ज्याला वाटेल तो छापतो. मफिनात घालायला जरा कडक चवीचाच माचा बरा. नाजूक असेल तर साखर आणि चॉकलेटपुढे त्याचा पत्ताच लागत नाही.

मावशी : बरोबर. आता प्रमाण घे, १२ मफिनचं. कोरडं : मैदा २५० ग्रॅम, साखर १५०, माचा १०, बेकिंग पावडर चहाचे दोन सपाट चमचे, मीठ पाव चमचा. ओलं : अंडी दोन, दूध १८० मिली, बिनवासाचं तेल १०० मिली. चॉकलेट १२० ग्रॅम. तेलच घे, लोणी नको. लोण्याचे मफिन फ्रीजमध्ये दगड होतात, तेलाचे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. अंडी-दूध फ्रीजमधून काढून आधी तासभर बाहेर ठेव.

छोटी : माचा १० ग्रॅमच? अजून घातला तर अजून हिरवा होईल ना?

मावशी : होईल, आणि अजून कडूही होईल. मोठ्यांसाठी १२-१३ ग्रॅम चालेल. पोरांसाठी १० पुरे. सपाट पाच चमचे होतात, पण काट्यावर मोज. माचा चमच्यात कधी दाबून बसतो, कधी फुगून, त्यामुळे दर वेळी वेगळा भरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, हे नीट वाच. माचा चहाच्या गाळणीतून चाळायचा. मैद्याची चाळणी नाही चालणार, तिची भोकं मोठी. पूड इतकी बारीक असते की कण एकमेकांना धरून राहतात आणि मोहरीएवढ्या घट्ट गोळ्या होतात. गाळणीत राहिलेल्या गोळ्या चमच्याच्या पाठीने घासून खाली पाड. मग ती पूड साखरेत घालून बोटांनी चोळ, साखर एकसारखी पोपटी दिसेपर्यंत. साखरेचे दाणे उरल्यासुरल्या गोळ्या फोडतात. त्यानंतर मैदा, बेकिंग पावडर, मीठ.

ताई : एवढं कशाला? सगळं एकत्र करून बीटर फिरवला की गुठळ्या मोडतीलच की.

मावशी : तिथेच तर गोम आहे. मफिनचं पीठ फेटायचंच नसतं! ओलं सगळं एका भांड्यात नीट हलवून घ्यायचं, कोरड्यात ओतायचं आणि उलथण्याने खालून वर असं दहा-पंधरा वेळा फिरवून थांबायचं. मैद्याच्या बारीक गुठळ्या दिसल्या तरी हात आवरायचा, भट्टीत त्या आपोआप जिरतात. जास्त ढवळलंस की मैद्याला चिवटपणा येतो, आत लांबट बोगदे पडतात आणि माथा टोकदार होतो. म्हणजे मैद्याच्या गुठळ्या चालतील, माचाच्या अजिबात नाही. आणि पीठ झाल्यावर ढवळायची सोय नाही, म्हणून माचाचं काय ते आधीच उरकून घ्यायचं. एक गोळी राहिली आणि ती पोराच्या दाताखाली आली, तर पुढचा घास तो घेणार नाही.

ताई : समजलं. बीटर काढतच नाही.

आजी : हे सगळं वाचून मला झोप येत होती. पण पोरांना येईल ना रात्री? चहा आहे तो.

दादा : आजीने बरोबर विचारलं. माचात कॅफिन असतं, ग्रॅमला साधारण २० ते ४५ मिलिग्रॅम. १० ग्रॅमचे १२ मफिन केले तर एकात माचा एक ग्रॅमहून थोडा कमीच, म्हणजे कॅफिन १५ ते ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. कपभर कॉफीत ८०-१०० तरी असतं. तर एक मफिन दुपारी चारला ठीक. रात्री जेवल्यावर आणि तेही तीन-तीन, असं नको.

आजी : तीन खाणारच ती.

ताई : लहान आकाराचे करते मग. आता चॉकलेट कुठलं?

छोटी : डार्क!

मावशी : पांढरं.

छोटी : मावशी, पांढऱ्याला चॉकलेट म्हणतात तरी का?

मावशी : म्हण नाहीतर नको म्हणू, पण माचाबरोबर ते बसतं. त्यात कोकोचा काळा भाग नसतोच. कोको बटर, दुधाची पावडर आणि साखर. माचाचा तुरटपणा दुधाने आणि गोडाने बसतो, आणि माचाची चव वर राहते. डार्क घातलं की कडूवर कडू. खाणाऱ्याला चॉकलेट मफिन खाल्ल्यासारखं वाटतं आणि चहा गेला कुठे असं होतं. डार्क घालायचंच असेल तर ५० ते ५५ टक्के कोकोचं घे, ७० च्या वर नको. आणि कोको पावडर पिठात मुळीच घालू नकोस, मग माचा घातला काय आणि न घातला काय.

मामा : मी छोटीच्या बाजूने. कडू आवडणारी माणसंही या घरात आहेत.

मावशी : तुझ्यासाठी दोन डार्कचे करू दे तिला. बाकी पांढरे.

मामी : माझ्याकडे पांढऱ्या चिप्सचं पाकीट आहे, ते देऊ?

मावशी : पाकिटामागे वाच. कोको बटर लिहिलंय की वनस्पती तेल?

मामी : वनस्पती तेल. कोको बटरचं नावही नाही.

मावशी : मग ते कंपाउंड. चालतं, पण मजा नाही. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. कंपाउंडचं तसं होत नाही, टाळूला चिकटून बसतं. ताई, तू चॉकलेटची वडी घे आणि सुरीने हरभऱ्याएवढे तुकडे कर. कापताना पडणारा चुराही पिठात घाल, टाकू नकोस.

मामी : तुकडे खाली बसू नयेत म्हणून मैद्यात घोळवते मी.

मावशी : घोळव, बिघडत काही नाही. पण खरा आधार पिठाचा. पीठ चमच्यातून धारेने पडत असेल तर कितीही घोळवलं तरी तुकडे तळाशी जातात. गोळा होऊन धपकन पडेल इतकं घट्ट असेल तर जिथल्या तिथे राहतात. पांढरे तुकडे वर मात्र पेरू नका. दूध आणि साखर असल्यामुळे ते भट्टीत करपून तपकिरी होतात. वर हवेच असतील तर मफिन बाहेर काढल्याबरोबर चार-चार तुकडे हलकेच दाबून बसवायचे.

छोटी : आता हिरवेगारचं बोला ना कुणीतरी.

दादा : हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा मिळाला की ते निसटतं आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. आता गंमत बघ. भट्टी १८० अंशांवर असली तरी मफिनच्या पोटात पाणी असतं, त्यामुळे आतलं तापमान १०० च्या वर जात नाही. आत बऱ्यापैकी हिरवं राहतं. वरची साल कोरडी पडते, ती खूप तापते आणि सोनेरी होते. तेव्हा फोटो काढायचाय तर मफिन मधोमध तोड आणि आतला काढ.

छोटी : अरे वा. पण वरूनही हवंय.

मावशी : १७० वरच भाजले तर वरून फिकट हिरवे राहतात, पण माथा बसका येतो. मला फुगलेला माथा जास्त प्यारा आहे. म्हणून मी पहिली सहा मिनिटं २०० वर ठेवते, मग १८० वर बारा-तेरा मिनिटं. फार रंग धरायला लागला तर शेवटी वरून फॉइल सैल टाकते. बोटाने दाबल्यावर माथा परत वर आला आणि काडीला ओलं पीठ चिकटलं नाही की लगेच बाहेर काढायचे. 'अजून दोन मिनिटं राहू देत' म्हणालं की रंगही जातो आणि मफिन कोरडाही होतो. आणि खाण्याचा हिरवा रंग घालायचा विचारही मनात आणू नका. त्याने मफिन प्लॅस्टिकचे दिसतात.

मामी : अक्का, मला बिनअंड्याचे हवेत. मी नेहमी दही-सोडा घालते.

मावशी : यात तेवढं नको करूस. आत्ताच दादा म्हणाला ना, आंबटाने रंग जातो. आणि ते मारायला सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि पीठ उलट जास्त तपकिरी होतं. अंडी काढ, दूध ८० मिली वाढव, बेकिंग पावडर अर्धा चमचा वाढव आणि मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढं कॉर्नफ्लोर घाल. थोडे भुसभुशीत होतील, त्यामुळे पूर्ण गार झाल्याशिवाय कप सोलू नकोस.

दादा : एअर फ्रायरमध्ये होतात का?

मावशी : होतात. १६० वर बारा ते चौदा मिनिटं, पण पंख्यामुळे वरून लवकर रंग येतो. नुसते कागदी कप पसरतात, सिलिकॉनचे घे.

ताई : अजून एक. मंडळी वीस तरी होतील. २४ करायचे तर सगळं दुप्पट?

मावशी : दुप्पटच, बेकिंग पावडरसकट. पण दोन भांड्यांत वेगवेगळं कर. एकाच भांड्यात एवढं पीठ नीट मिसळायला गेलीस तर ढवळणं जास्त होतं. कोरड्याचे दोन भाग आधी तयार ठेव, पहिला ट्रे भट्टीत गेला की दुसऱ्यात ओलं घाल. ते पंधरा मिनिटं थांबलं तरी काही होत नाही, मैदा दूध पिऊन घेतो आणि माथा उलट चांगला फुगतो.

ताई : म्हणजे २० ग्रॅम माचा संपला. उरलेल्याचं काय करू?

दादा : झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून फ्रीजमध्ये. उजेड, हवा आणि ओल, तिन्हींनी रंग उतरतो. आणि शनिवारी डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नकोस. गार पुडीवर हवेतलं बाष्प बसतं आणि गोळ्या धरतात. अर्धा तास बाहेर राहू दे, मग उघड.

छोटी : आमचा मोती पण येऊ दे ना शनिवारी. त्याला एक तुकडा?

दादा : मोतीला अजिबात नाही! चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्यांना बाधतं, डार्कमध्ये तर भरपूर असतं. आणि माचातलं कॅफिनही आहेच. त्याला गच्चीत ठेवा.

आजी : मला एक ठेवा. पांढऱ्या चॉकलेटचा.

मामा : आत्ता तर म्हणत होतीस चहाची पूड केकात कोण घालतं.

आजी : तू गप्प बस.

ताई : मामी, माझा ट्रे १२ चा एकच आहे. तुझ्याकडे आहे ना अजून एक?

मामी : आहे, पण सहाचा. दोनदा लावावा लागेल. शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा, कागदी कप पण देते.