मदत हवी आहे: केस पेपरवर 'बीपी १० वर्षांपासून' लिहिलं म्हणून बाबांच्या बायपासचा क्लेम रिजेक्ट (नागपूर)

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी. इथे आतापर्यंत फक्त वाचतच होतो, आता गरज पडली म्हणून लिहून राहिलो. लांबलंय, सांभाळून घ्या.

बाबा ६६ वर्षांचे, रिटायर्ड. सप्टेंबर २०२५ मध्ये रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, नाव लिहीत नाही. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले, बायपास झाली. आता तब्येत बरी आहे, फक्त मीठ बंद केलंय त्याच्यावरून घरात रोज वाद.

बिल झालं ५ लाख ८४ हजार. पॉलिसी मार्च २०१९ पासून आहे, एकाही वर्षाचा खंड नाही. सुरुवातीला ५ लाखाची होती, मार्च २०२३ च्या रिन्युअलला १० लाखाची केली. कॅशलेसला आधी थोडी रक्कम मंजूर केली आणि डिस्चार्जच्या दिवशी क्वेरीवर क्वेरी काढून शेवटी नाही म्हटलं, मग एफडी मोडून पैसे भरले आणि रिइम्बर्समेंटला टाकलं. आता पत्र आलंय की पॉलिसी घेण्याच्या आधीपासूनचा आजार लपवला, सबब क्लेम नामंजूर.

आधार काय तर हॉस्पिटलच्या ॲडमिशन शीटवरची एक ओळ. रात्रपाळीच्या आरएमओने (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने) लिहिलंय 'एचटीएन, १० वर्षं', एचटीएन म्हणजे बीपीच. बाबांना तेव्हा ऑक्सिजन लावलेला, बोलायच्या स्थितीत नव्हते. सोबत आई होती, तिला विचारलं गोळी कधीपासून, ती म्हणाली लय वर्षं झाले. बस, त्याचे दहा झाले. खरं म्हणजे गोळी सुरू झाली २०२१ मध्ये, कोविडनंतर, आमच्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आहे त्या वर्षाची.

आता विचारायचं ते असं की पाच वर्षांनंतर कंपनी असं म्हणू शकत नाही असं कुठेतरी वाचलं होतं, ते आम्हाला लागू होतं का? आणि हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग आतले पूर्ण केस पेपर देऊन नाही राहिला, म्हणे टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी एजन्सी) पाठवले, तुम्हाला डिस्चार्ज कार्ड दिलं ना. एजंट काका म्हणतात की ग्राहक कोर्टात दहा वर्षं जातील, त्यापेक्षा डॉक्टरला सांगून १० चं १ करून घ्या. हे काही पटत नाहीये. कोणी या वाटेने गेलंय का?

संत्राबर्फी

बाबांना बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं.

एजंट काकांचा तो सल्ला अजिबात ऐकू नका. कंपनीच्या तपासनीसाकडे त्या शीटचा फोटो आधीच गेलेला असतो. आता तुमच्याकडून १ लिहिलेली दुसरी प्रत गेली की आज जे भांडण फक्त माहिती सांगितली-न सांगितलीचं आहे ते उद्या फसवणुकीचं होईल, आणि फसवणूक सिद्ध झाली तर पाच वर्षांचं संरक्षणही जातं. वर डॉक्टर अडकेल ते वेगळं.

तर्रीवाला

भाऊ, महात्मा फुले योजनेत का नाही केलं? आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, ५ लाखापर्यंत, बायपास बसते त्यात.

मानेवाडा_रिंगरोड

@तर्रीवाला रात्री दोन वाजता जे जवळ होतं तिथे नेलं भाऊ, ते हॉस्पिटल योजनेत नाही. आणि एकदा स्वतः पैसे भरले की मागून योजनेतून परत मिळत नाहीत, चौकशी केली.

नंदनवन_वकील

मी वकिली करते, ग्राहक आणि विम्याची कामं असतात. इथलं लिहिलेलं फुकट आहे म्हणून कागद न पाहता दिलेलं मत समजा.

तुम्ही वाचलंय त्याला मोरेटोरियम म्हणतात. आधी ८ वर्षांचा होता, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२४ मध्ये ५ वर्षांचा केला, म्हणजे सलग ६० महिने प्रीमियम भरला असेल तर त्यानंतर 'सांगितलं नाही' किंवा 'चुकीचं सांगितलं' या कारणावर क्लेम नाकारता येत नाही. अपवाद एकच, फसवणूक, आणि ती कंपनीने सिद्ध करायची. तुमचे ६० महिने मार्च २०२४ मध्ये भरले. मार्च २०२५ च्या रिन्युअलसोबत जी पॉलिसी वर्डिंग आली ती उघडा, त्यात मोरेटोरियमच्या कलमात ६० महिने लिहिलेलं दिसलं पाहिजे. त्या पानाची प्रिंट सगळ्यात वर लावा.

पण एक खोच आहे जी बहुतेक लोक विसरतात. विमा रक्कम वाढवली की वाढवलेल्या भागाचा मोरेटोरियम वाढवल्या तारखेपासून नव्याने मोजतात. तुमचे पहिले ५ लाख सुरक्षित दिसतात, वरचे ५ लाख मार्च २०२३ पासूनचे म्हणजे तिथे अजून ६० महिने झाले नाहीत. बिल ५ लाख ८४ हजार, म्हणजे खरा वाद ८४ हजारांचाच आहे आणि कंपनीने मात्र पूर्णच्या पूर्ण नाकारलंय. हे तक्रारीत ठळक लिहा. २०२३ ला रक्कम वाढवताना बीपीचं सांगितलं होतं का?

मानेवाडा_रिंगरोड

ताई, खूप आभार. हो, २०२३ ला कंपनीने मेडिकल करवून घेतलं होतं रामदासपेठेतल्या लॅबमध्ये, फॉर्ममध्ये बीपीची गोळी नावासकट लिहिली आहे आणि त्यासाठी प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, पण लावलं. त्याचा ईमेल आहे. म्हणजे दोन वर्षं जास्तीचे पैसे घेतले आणि आता म्हणतात लपवलं.

नंदनवन_वकील

मग तो ईमेल सोन्याचा आहे. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया, डिसेंबर २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. प्रस्तावकाची (पॉलिसी घेणाऱ्याची) तब्येत तपासून, त्यावर समाधान करून घेऊन पॉलिसी दिली की मग त्याच सांगितलेल्या आजारावर बोट ठेवून क्लेम नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलंय.

दुसरी बाजूही ऐकून ठेवा, कारण कंपनीचा वकील तीच वाचणार. २००९ च्या सतवंत कौर संधू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कंपनीची बाजू घेतली होती, तिथे डायबेटिस आणि किडनीचा आजार आधीपासून होता आणि फॉर्ममध्ये सांगितला नव्हता. म्हणून २०१९ च्या आधी बीपी नव्हता हे दाखवता आलं तर उत्तम. नियमाने सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, नुसती हिस्ट्री शीटवरची ओळ, जिला ना जुनी चिठ्ठी ना जुना रिपोर्ट, ती पुरेशी नाही असं ग्राहक आयोगांनी बरेचदा म्हटलंय, तरी आपल्या हातात कागद असला की बोलणं कमी लागतं.

आणि ८४ हजारांवर फार जीव लावू नका. वाढवलेल्या रकमेवर आधीच्या आजारांची वेटिंग (तेवढे महिने त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) पण नव्याने लागते, नियमाने जास्तीत जास्त ३६ महिने. मार्च २०२३ ते सप्टेंबर २०२५ म्हणजे ३० महिने. तुमच्या पॉलिसीत २४ असेल तर मिळतील, ३६ असेल तर तेवढे अडकू शकतात.

काळी_पिवळी

२०१९ च्या आधी बाबांचं काही ऑपरेशन, दात, मोतीबिंदू? माझ्या सासऱ्यांच्या वेळी मोतीबिंदूच्या फाइलनेच वाचवलं आम्हाला. ऑपरेशनच्या आधी फिजिशियनचं फिटनेस घेतात ना, त्यावर बीपी मोजून लिहिलेला असतो आणि चालू गोळ्या कोणत्या तेही.

मानेवाडा_रिंगरोड

@काळी_पिवळी २०१८ ला उजव्या डोळ्याचं झालं होतं! आईला विचारतो, ती कागद टाकत नाही कधीच, साड्यांच्या कपाटात पिशव्या भरून आहेत.

संत्राबर्फी

केस पेपरबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते, मी स्वतः एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात होते. 'टीपीएला पाठवले' हे उत्तर तद्दन खोटं, टीपीएला झेरॉक्स जाते, मूळ फाइल हॉस्पिटलातच असते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितलं की ७२ तासांत द्यायचं. २०२३ मध्ये नवे नियम आले होते पण ते लगेच स्थगित केले, म्हणजे जुनेच चालू आहेत. मुंबई हायकोर्टाने १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात सांगितलंय की कागद नाकारता येत नाहीत.

तोंडी मागू नका. अर्ज बाबांच्या सहीने, त्यात स्पष्ट लिहा: ॲडमिशन शीट, नर्सिंग चार्ट, रोजच्या डॉक्टर नोट्स, ऑपरेशन नोट्स, ॲनास्थेशियाचा (भुलीचा) फिटनेस, सगळे रिपोर्ट. दोन प्रती, एकीवर पोचचा शिक्का आणि वेळ. शिक्का देत नसतील तर तिथेच उभं राहून ईमेल करा आणि घरी येताना पोस्टातून स्पीड पोस्ट. झेरॉक्सचे पैसे घेतात, ते द्या. नाहीच दिलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाते, आणि नर्सिंग होमची नोंदणी महानगरपालिकेकडे असते तर तिथल्या आरोग्य विभागालाही एक प्रत. २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, पुढच्या वेळी जाल तेव्हा भिंतीवर पाहा, बहुतेक ठिकाणी कॅश काउंटरच्या मागे पाण्याच्या कॅनने झाकलेली असते.

ॲनास्थेशियाचा कागद मुद्दाम सांगितला. तो डॉक्टर सावकाश बसून हिस्ट्री घेतो, रात्रीच्या आरएमओसारखी नाही. तिथे कदाचित २०२१ लिहिलेलं सापडेल.

तर्रीवाला

विम्यावरचा जीएसटी शून्य केला म्हणून सप्टेंबरात किती नाचून राहिले होते सगळे. प्रीमियम स्वस्त झाला, क्लेम काही येत नाही 😀

मानेवाडा_रिंगरोड

अपडेट. पिशवीत सापडलं! फेब्रुवारी २०१८ चं फिटनेस, बीपी १२६/८०, आणि इंग्रजीत लिहिलंय की डायबेटिस नाही, बीपीचा त्रास नाही, चालू औषध काही नाही. आईचा चेहरा पाहण्यासारखा होता, आता कोणी पिशव्यांना हात लावायचा नाही असं फर्मान निघालंय.

हॉस्पिटलने अर्जावर शिक्का मारला आणि कागद दिले. ॲनास्थेशियाच्या शीटवर खरंच 'एचटीएन ४ वर्षं' आहे. म्हणजे एकाच फाइलमध्ये १० पण आहे आणि ४ पण, आणि कंपनीला फक्त १० दिसले.

आता पुढे विमा लोकपाल की ग्राहक आयोग? दोन्ही एकदम करता येतं का?

नंदनवन_वकील

एकदम नाही. आयोगात केस चालू असेल तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही. मी असते तर आधी लोकपाल.

पण त्याच्याही आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्यावंच लागतं. त्यात तीन गोष्टी मागा. पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली नाकारलं. क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, ती घेतली का. आणि फसवणुकीचा आरोप आहे का, असल्यास पुरावा काय. तुमच्या पत्रात 'लपवला' आहे, फसवणूक हा शब्द कुठेच नाही असं तुम्ही लिहिल्यावरून वाटतं, तसं असेल तर मोरेटोरियमसमोर ते पत्र टिकणं अवघड आहे. सोबत २०१८ चं फिटनेस, २०२१ ची चिठ्ठी, २०२३ चा लोडिंगचा ईमेल, ॲनास्थेशियाची शीट. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून एक सर्टिफिकेट मागून बघा की बीपीचा कालावधी नातेवाइकाच्या तोंडी माहितीवरून लिहिला होता. हे दुरुस्ती करणं नव्हे, खुलासा आहे, त्यात गैर काही नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला की विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी बहुतेक व्हिडिओवर. फी नाही, वकील लागत नाही, खरं तर चालतही नाही, म्हणजे माझ्यासारख्यांचा धंदा तिथे बसतो. ५० लाखापर्यंतचे वाद घेतात. मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही, पटला नाही तर तुम्ही पुढे आयोगात जाऊ शकता. आणि कंपनीने ३० दिवसांत निकाल पाळला नाही तर रोजचे ५ हजार तुम्हाला द्यावे लागतात.

ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची, ती लक्षात ठेवा, लोकपालाकडे वेळ गेला म्हणून ती थांबेल असं धरू नका. तुम्ही नागपुरात राहता म्हणून केस इथेच होते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. फी क्लेमच्या रकमेवर नाही, भरलेल्या प्रीमियमवर मोजतात, ५ लाखापर्यंत शून्य. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. प्रत्यक्षच जायचं असेल तर सिव्हिल लाइन्सच्या प्रशासकीय भवनात पाचवा माळा, फक्त हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत जाऊ नका, बंदोबस्तात गाडी कुठे लावायची हाच दिवसभराचा प्रश्न होतो.

अजून एक, रागाच्या भरात पुढचं रिन्युअल बंद करू नका. खंड पडला तर सगळे महिने गेले.

मानेवाडा_रिंगरोड

ताई, रिन्युअल मार्चमध्ये आहे, भरणारच. तक्रारीचा मसुदा रात्री लिहून काढतो. एक शंका, तक्रार बाबांच्या नावाने की माझ्या? प्रीमियम माझ्या खात्यातून जातो.

नंदनवन_वकील

पॉलिसी कोणाच्या नावावर आहे ते पहिल्या पानावर बघा, 'प्रस्तावक' म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्या सहीने. तुम्ही प्रस्तावक असाल तर तुमच्या सहीने. बाबा असतील तर सही बाबांची, आणि तुम्हाला बोलायचा अधिकार दिल्याचं एक पत्र सोबत जोडा.

काळी_पिवळी

आणि मूळ कागद एकही पाठवू नका, स्कॅन पाठवा. आमचा एक एक्स-रे अजून टीपीएकडेच आहे.