मदत हवी आहे: घरापुढचं लॉन काढून इथलीच झाडं लावायची आहेत, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) नाही म्हणतेय (डेन्व्हर परिसर)

नमस्कार मंडळी,

कोलोरॅडोत स्वतःचं घर असलेल्या आणि एचओएशी पत्रव्यवहार केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे.

आमचं स्वतंत्र घर आहे, टाउनहाउस नाही. पाणी डेन्व्हर वॉटरचं, म्हणजे इथल्या पाणीखात्याचं. घरापुढे केंटकी ब्लूग्रासचं लॉन आणि फुटपाथकडे उतार. इथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 14-15 इंच पाणी पडतं. या गवताची तहान त्याहून कितीतरी मोठी. डेन्व्हर वॉटरचे नेहमीचे उन्हाळी नियम असे: 1 मे ते 1 ऑक्टोबर आठवड्यातून फार तर तीन दिवस पाणी, सकाळी 10 ते संध्याकाळी 6 स्प्रिंकलर बंद, आणि पाणी वाहून रस्त्यावर जाता कामा नये. नियम मला मनापासून पटतात. आपल्या नळाचं जवळपास निम्मं पाणी पलीकडच्या कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातून बोगद्यांनी डोंगर पार करून येतं. ते गवतावर उधळायचं जिवावर येतं.

जमीन चिकणमातीची. स्प्रिंकलर सुरू झाला की थोड्याच वेळात मातीचा वरचा थर चकाकायला लागतो, मग एक बारीक ओघळ फुटपाथच्या कडेने निघतो आणि शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेपर्यंत जातो. म्हणून मी एकदम सगळं पाणी न सोडता मध्ये तासभर थांबून दोन हप्त्यांत सोडते. ओघळ थांबला, पण जुलैत दक्षिणेकडचा पट्टा पिवळा पडायचा तो पडलाच.

त्या पट्ट्यावरून एचओएचं पत्र आलं: गवत हिरवं करा, नाहीतर दंड. म्हणजे एकीकडून पाणी कमी वापरा आणि दुसरीकडून लॉन हिरवं ठेवा! तेव्हा आम्ही लॉनच काढायचं ठरवलं आणि नकाशा जोडून अर्ज केला. सपाट भागात ब्लू ग्रामा गवत, उतारावर पेन्स्टेमन, रॅबिटब्रश आणि गैलार्डिया ही इथलीच फुलझाडं. (आपल्याकडे हारात ओवतात तो गलांडा याच कुळातला, त्याची एक जात मूळची इथल्या माळरानावरची आहे. हे कळल्यावर तर मला ती लावायचीच आहे.) उन्हाच्या कोपऱ्यात मेथी-कोथिंबिरीचा छोटा वाफा. उत्तर एका ओळीत आलं: दर्शनी भागात गवतच हवं, भाजी मागच्या अंगणात लावा.

माझ्या वाचनाप्रमाणे 2023 चा राज्याचा एसबी 23-178 (सिनेट बिल) कायदा आपल्या बाजूने आहे. स्वतंत्र घरांसाठी एचओएला पुढच्या अंगणाचे कमी पाण्याचे निदान तीन आराखडे आधीच मंजूर करून ठेवावे लागतात, आणि पुढच्या अंगणातल्या भाजीला बंदी घालता येत नाही. माझे प्रश्न:

हे पत्रात कसं मांडावं? शेजारधर्म टिकवायचा आहे, भांडण नको. गवत मारायला पुठ्ठा अंथरणं बरं की थेट खणून काढावं? आणि लॉनच्या मधोमध एक मोठा मेपल आहे, स्प्रिंकलर बंद केल्यावर त्याचं काय?

शिवाय छतावरचं पाणी साठवायला पिंपं ठेवली तर चालतात ना?

– अंगणवेल

---

प्रतिसाद: रानजाई

अंगणवेलताई, आम्ही यातून गेलोय. आधी फक्त एवढंच लिहून विचारा: "मंजूर केलेले तीन आराखडे कुठे पाहायला मिळतील?" आमच्याकडे ते तयारच नव्हते, आणि त्या एका प्रश्नानंतर समितीचा सूर बदलला. आराखडे मिळाले तर त्यातलाच जवळचा घ्या, तुमची झाडं त्यात बसतील. तरी अडवलं तर कायद्याप्रमाणे लेखी नोटीस द्या. चूक दुरुस्त करायला त्यांना 45 दिवस मिळतात, त्यानंतर दावा करता येतो. भरपाई 500 डॉलरपर्यंत किंवा प्रत्यक्ष झालेलं नुकसान, यातलं जे जास्त असेल ते. बहुतेक वेळ तिथवर येत नाही. पिवळ्या पट्ट्याचं वेगळं पत्र पाठवा. पाण्याचे नियम पाळूनही गवत वाळलं असेल तर ते पुन्हा वाढवायला वाजवी मुदत द्यावी लागते, लगेच नवीन लॉन अंथरा म्हणता येत नाही. पाणी घातल्याच्या वारांची नोंद आणि फोटो जोडा.

पिंपं चालतात. 2016 पर्यंत इथे घरगुती पिंपालाही बंदी होती. आता दोन पिंपं, दोन्ही मिळून 110 गॅलन, आणि ते पाणी आपल्याच अंगणात वापरायचं.

---

प्रतिसाद: माळीबुवा

पुठ्ठा चालेल, पण आधी चांदवेल आहे का बघा (इथे बाइंडवीड म्हणतात). असेल तर ती पुठ्ठ्याच्या कडेने वर येतेच. उगवेल तशी कापत राहावी लागते, एका मोसमात संपत नाही.

ब्लू ग्रामाचं बी घाईने टाकू नका. ते उन्हाळी गवत आहे, मे अखेर ते जुलै हाच काळ, आणि उगवेपर्यंत वरची माती रोज ओली लागते. तेवढ्या दिवसांची सवलत पाणीखात्याकडे आधी विचारून घ्या. ते मेच्या मध्यापर्यंत तपकिरी दिसतं आणि थंडी पडली की पुन्हा तपकिरी होतं. हे एचओएला अर्जातच लिहून द्या, म्हणजे एप्रिलमध्ये "मेलं" म्हणून पत्र येणार नाही. पेन्स्टेमन वगैरे रोपं सप्टेंबरात लावली तरी चालतात.

मेपलची काळजी मात्र सगळ्यात आधी घ्या. त्याची मुळं लॉनच्या पाण्यावर वाढलेली आहेत, स्प्रिंकलर एकदम तोडू नका. फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून लांब ठिबकची नळी फिरवा आणि सावकाश, खोलवर पाणी द्या. हिवाळ्यात बर्फ नसेल तर ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एक-दोनदा, तापमान 40 फॅरनहाइटच्या वर असताना दुपारी. ठिबक तेव्हा बंद ठेवावी लागते, म्हणून हे काम बागेच्या नळीनेच करा आणि झाल्यावर नळी नळापासून सोडवून ठेवा.