मदत हवी आहे: कौलं काढून पत्रे घालू, की कौलंच ठेवू?

नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमचं 70 वर्षांचं मातीच्या भिंतींचं घर आहे, वर मंगळुरी कौलं. दर मे महिन्यात कौलं परततो, तरी पाऊस लागेपर्यंत वांदर दहा-पंधरा फोडतातच. यंदाचा पावसाळा माजघरात दोन टोप नि एक बादली मांडून काढला. वळचणीकडचा एक वासा बोटाने टोकरला तर भुसाच पडला. वाळवी! म्हणजे रीप-वासे बदलणं आलंच.

सगळे म्हणतात, लोखंडी पाइप टाका, रंगीत पत्रे मारा. पण शेजाऱ्यांकडे तो आवाज ऐकलाय, पावसात टीव्हीसुद्धा ऐकू येत नाही. शिवाय मे महिन्यातली धग. सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसमुळे नकोच.

माझ्या मनात आहे ते असं: खाली पत्रा, वर जुनीच कौलं. कोणी केलंय का? मधे हवा खेळायला किती जागा सोडलीत? 0.50 मिमीचा पत्रा चालेल का? एकेक कौल दोन-अडीच किलोचं, भिजलं की आणखी जड. त्यात पत्रा नि पाइप. मातीच्या भिंतींना झेपेल? चौरस फुटाला खर्च किती आला तेही सांगा. सुतार दिवाळीनंतर मोकळा आहे, त्याआधी ठरवायचंय.