अनुभव धागा: तिथली राजवट, जवळून पाहिलेली

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत अरब देशांचा विषय निघाला आणि शेजारचे गृहस्थ सहज म्हणून गेले, "त्या लोकांना लोकशाही मानवतच नाही." माझा घास हातातच राहिला. मी २००९ ते २०१६ ट्युनिशियात होतो. ज्यांनी मतदानासाठी चार-चार तास उन्हात काढले, अशांच्या शेजारी राहिलो. म्हणून हा धागा. अरब किंवा मुस्लिमबहुल देशांत जे राहिले, ज्यांनी तिथली राजवट, निवडणूक, उठाव यांतलं काहीही डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी लिहावं. मतं कमी आणि पाहिलेलं जास्त, एवढीच विनंती. सुरुवात माझ्यापासून.

स्फॅक्स, ट्युनिशिया

मी खतांच्या धंद्यातला माणूस. फॉस्फरिक ॲसिडच्या प्लांटवर कामाला गेलो होतो. पोचल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते '७ नोव्हेंबर'. रस्ता ७ नोव्हेंबर, चौक ७ नोव्हेंबर. बेन अली यांनी १९८७ साली त्या दिवशी सत्ता घेतली होती. प्रत्येक दुकानात त्यांचा फोटो, न्हाव्याकडेसुद्धा. माझे घरमालक निवृत्त शिक्षक. कॉफी पिताना राजकारण निघालं की ते चमचा कपावर वाजवत आणि विषय बदलत. त्या चमच्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं.

१७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझिदमध्ये मोहम्मद बुआझिझी या फळविक्या तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. चार आठवड्यांत, १४ जानेवारीला, बेन अली देश सोडून पळाले. त्या रात्री मालक माझ्या दारात आले आणि नुसते बोलत राहिले, दोन-अडीच तास. त्यांच्या मुलाची नोकरी कोणी घालवली, पोलिसाला दर महिन्याला काय द्यावं लागे, सगळं. तेवीस वर्षांचं साठलेलं.

२३ ऑक्टोबर २०११ चं मतदान मी रांगेच्या बाजूला उभं राहून पाहिलं. निळी शाई लागलेलं बोट वर धरून मालकीणबाईंनी फोटो काढून घेतला आणि तो दिवाणखान्यात लावला, जिथे आधी साहेबांचा फोटो होता तिथेच.

आता कठीण भाग. २५ जुलै २०२१ ला अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा मी भारतात होतो. मालकांना फोन केला तर मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. लोक रस्त्यावर येऊन आनंद साजरा करत होते आणि मालकही खूश होते! दहा वर्षांत सरकारं पडत राहिली, पोरांना कामं मिळाली नाहीत, खासदार सभागृहात हमरीतुमरीवर आले. ते म्हणाले, "एकदा साफसफाई होऊ दे." पुढे २०२२ च्या डिसेंबरात संसदेची निवडणूक झाली, तर जेमतेम अकरा टक्के लोक मत द्यायला गेले. मालक गेले नाहीत. विरोधकांना, वकिलांना, पत्रकारांना तुरुंगात टाकणं सुरू झालं होतं. गेल्या वर्षी फोन केला, सईद यांचं नाव काढलं, आणि पलीकडून चमचा कपावर वाजल्याचा आवाज आला.

मआदी, कैरो (२००९ ते २०१४)

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही कैरोत होतो, मुलगी तेव्हा पाच वर्षांची. २८ जानेवारी २०११, शुक्रवार. अध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्ध निदर्शनं पेटली होती. सकाळी उठलो तर इंटरनेट नाही, मोबाइल बंद. पुण्याला आईला कळवायचीही सोय नाही. संध्याकाळी पोलीस रस्त्यांवरून गायब झाले आणि तुरुंग फुटल्याच्या बातम्या कानोकानी येऊ लागल्या. आमच्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे राखणदार, वरच्या इजिप्तमधल्या खेड्यातला. त्याने रात्री मला स्वयंपाकघरातला लाटणं-काठी जे असेल ते द्या म्हणून हाक मारली. गल्लीतले डॉक्टर, वाणी, कॉलेजची मुलं, सगळे काठ्या घेऊन पहाऱ्याला बसले. गाडी आली की थांबवायची, ओळखपत्र बघायचं. आम्ही वरून चहाची किटली खाली सोडायचो. भीती होतीच, पण अनोळखी शेजारी एकमेकांना नावाने हाका मारू लागलेले मी पहिल्यांदा तिथे पाहिले.

एअर इंडियाच्या खास विमानाने आम्ही मुंबईला आलो आणि मुबारक गेल्यावर, वसंतात परतलो. बव्वाबने २०१२ साली आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. कोणाला, ते मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं: मुस्लिम ब्रदरहूडच्या मुर्सींना. कारण, "त्यांची माणसं आमच्या गावात दवाखाना चालवतात." तिसऱ्या मजल्यावरच्या कॉप्टिक ख्रिश्चन डॉक्टरीणबाईंनी अर्थातच विरोधात दिलं होतं. मुर्सी सुमारे बावन्न टक्के मतं मिळवून अध्यक्ष म्हणून निवडून आले. दोघं जिन्यात समोरासमोर आले की हसून सलाम करायचे. वर्षभरात तो सलाम बंद झाला. मुर्सींनी २०१२ च्या नोव्हेंबरात फर्मान काढून आपले निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले, तेव्हापासून डॉक्टरीणबाई रात्रीची झोप येत नाही म्हणायच्या.

३ जुलै २०१३ ला लष्कराने मुर्सींना हटवलं. आकाशभर फटाके. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीला मिठी मारली. बव्वाब जिन्याखालच्या खोलीत दार लावून बसला होता. १४ ऑगस्टला रबाआच्या चौकात लष्कर-पोलिसांनी मुर्सी-समर्थकांचा बैठा सत्याग्रह मोडला. एका दिवसात शेकडो माणसं मेली. बव्वाबचा भाचा तिथे होता, पायाला गोळी लागून वाचला. डॉक्टरीणबाईंनी त्याची मलमपट्टी जिन्याखालच्या खोलीत जाऊन केली, कारण इस्पितळात नाव लिहून घेत होते. ही गोष्ट तिथे असताना मी कोणाला सांगितली नाही.

मुर्सींना हटवणारे लष्करप्रमुख सीसी २०१४ मध्ये अध्यक्षपदाला उभे राहिले, त्यांना शहाण्णव टक्क्यांहून जास्त मतं पडली. आमच्या गल्लीत मतदानाच्या दिवशी शुकशुकाट होता.

कुवैत

अस्सलाम अलैकुम आणि नमस्कार. आमचं गाव रत्नागिरीजवळ. अब्बा १९७८ साली कुवैतला गेले, एका कुवैती घरी ड्रायव्हर. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस तिकडे होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य आलं तेव्हा मी सहा वर्षांची. बस, वाळवंटातला तळ, अम्मान, तिथून विमानाने मुंबई. आमच्यासारखे एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असेच आले. नंतर परत गेलो आणि मी तिथल्याच भारतीय शाळेत शिकून शिक्षिका झाले.

कुवैतला राजा, म्हणजे अमीर आहे, पण संसदही होती आणि तिला दात होते. पन्नास खासदार निवडून यायचे, मंत्र्याला उभा करून जाब विचारायचे. घरोघरी दिवाणिया, म्हणजे पुरुषांची रात्रीची बैठक. अब्बा तिथे चहा-कॉफी द्यायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आज अमुक वजिराची सालपटं काढली सगळ्यांनी." निवडणुकीत तंबू लागायचे, रात्री उशिरापर्यंत भाषणं आणि जेवणं. २००५ ला बायकांना मताचा हक्क मिळाला, २००९ ला चार बायका निवडून आल्या. माझी कुवैती सहकारी दुसऱ्या दिवशी वर्गावर जाण्याआधी स्टाफरूममध्ये रडली. आनंदाने!

पण एक सांगते. या देशात दहा माणसांतली सात आमच्यासारखी परदेशी, आणि मत आम्हाला नाही. २०२० साली करोनात याच निवडून आलेल्या खासदारांमध्ये परदेशी लोकांची संख्या कमी करण्याच्या कायद्याची चर्चा झाली. भारतीय लोकसंख्येच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, असा मसुदा. घरी पाठवायच्या पैशावर कर लावा, ही मागणी तर दर एक-दोन वर्षांनी यायची. अब्बांनी बेचाळीस वर्षं त्या शहरात गाडी चालवली होती. टीव्ही बंद करून ते म्हणाले, "ज्याच्या हातात मत नाय, त्याचो विचार कोण करतलो?" म्हणून तिथल्या संसदेबद्दल माझ्या मनात प्रेम आणि दुखणं दोन्ही आहे.

मे २०२४ मध्ये अमीरांनी संसद बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यात कुवैती माणसाशी लग्न करून नागरिक झालेल्या पुष्कळ बायका आहेत. माझ्या ओळखीत एक आहे. आधी मत देत होती, आता ती आमच्या रांगेत.

मनामा, बहारीन

थोडक्यात लिहितो. मी अकाउंटंट. ऑफिसच्या वाटेवर पर्ल चौक होता, मोठं शिल्प, वर मोती. १४ फेब्रुवारी २०११ पासून राजवटीकडे सुधारणा मागायला तिथे लोक जमले. १७ ला पहाटे त्यांना हुसकावलं, काही मेले. ते पुन्हा आले. मार्चमध्ये सौदीचं सैन्य दोन देशांना जोडणाऱ्या पुलावरून आलं आणि १८ मार्चला शिल्पच पाडलं. पाडताना कमान कोसळून क्रेनवरचा परदेशी मजूर दगावला. पाचशे फिल्सच्या नाण्यावर त्या शिल्पाचं चित्र होतं, तर ते नाणंही चलनातून काढलं. माझ्याकडे एक राहिलं आहे. त्या दिवसांत आशियाई कामगारांनाही मार बसला, आणि आमच्या इमारतीतला एक मुलगा आठवडाभर बाहेर पडला नाही, हेही लिहायला हवं.

मस्कत, ओमान

वरचं सगळं वाचलं, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो दडवणार नाही. मी १९८५ ते २०१२ ओमानमध्ये होतो. सुलतान काबूस १९७० ला आले तेव्हा देशात तीन शाळा आणि दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता. माझ्या डोळ्यांसमोर इस्पितळं, विद्यापीठ, घाटातले रस्ते झाले. आम्हाला मंदिरात जायला कधी कोणी अडवलं नाही. २०११ ला सोहारमध्ये पोरं रस्त्यावर आली, तेव्हा सुलतानांनी मंत्री बदलले, पन्नास हजार नोकऱ्या जाहीर केल्या, शूरा या सल्लागार मंडळाला थोडे अधिकार दिले. काही पोरांना तुरुंगही झाला. सुलतानांचा आदर मला आजही आहे.

फक्त एक आठवण. त्यांना मूल नव्हतं. वारसाचं नाव बंद पाकिटात ठेवलंय, हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. ते आजारी पडले की माझा ओमानी सहकारी दिवसभर गप्प असायचा. एकदा म्हणाला, "तुमच्याकडे वाईट माणूस आला तर पाच वर्षं. आमच्याकडे पाकिटात काय आहे, ते अल्लाला माहीत." जानेवारी २०२० ला पाकीट उघडलं आणि सगळं शांततेत पार पडलं. तेव्हा त्यानेच मला फोन केला. आवाजावरून रडून मोकळा झाल्यासारखा वाटला.

*(धागाकर्ता: काका, मनापासून धन्यवाद. हे लिहायला धीर लागतो.)*

पुर्वाकार्ता, इंडोनेशिया

मी इचलकरंजीचा, सूतगिरणीतला. १९९६ पासून जावा बेटावर. सगळे अरबांचंच बोलताहेत, पण जगात सगळ्यात जास्त मुसलमान आमच्या इथं आहेत, आणि इथं पंचवीस वर्षं झाली मतपेटी चालू आहे, हे पंगतीतल्या त्या पाहुण्याला सांगा.

मे १९९८ मी पाहिलाय. इथला रुपिया कोसळलेला, तांदूळ मिळेना. जकार्तात चिनी लोकांची दुकानं जाळली. वाचवायला लोक शटरवर 'हे भूमिपुत्राचं आहे' असं रंगवत होते. २१ मेला अध्यक्ष सुहार्तो बत्तीस वर्षांनी पायउतार झाले. त्याआधीच्या निवडणुका म्हणजे सरकारी नोकरानं सुहार्तोंच्या गोलकार पक्षालाच मत द्यायचं. आमचे सुपरवायझर पाक, म्हणजे आपल्याकडचं 'साहेब', ते म्हणायचे, निकाल आम्हाला आधीच पाठ असायचा. १९९९ ला अठ्ठेचाळीस पक्ष उभे!

मला सगळ्यात आवडतं ते मोजणं. मतदान संपलं की त्याच मांडवात, गल्लीतल्या लोकांसमोर, एकेक मतपत्रिका उघडून वर धरतात. मोजणारा नाव वाचतो, लोक ओरडतात "साह!", म्हणजे वैध. भिंतीवरच्या कागदावर रेघ पडते, पाचवी रेघ आडवी. बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात. २०१९ ला एका दिवसात पाच-पाच मतपत्रिका होत्या, मोजणी पहाटेपर्यंत चालली. देशभरात आठशेच्या वर निवडणूक कर्मचारी थकव्यानं आणि आजारानं गेले. आमच्या पाकांचा मुलगा त्या रात्री टेबलावर होता, सकाळी सलाईनवर. बरा झाला. २०२४ ला सुहार्तोंचे एकेकाळचे जावई, तेव्हाचे जनरल प्रबोवो अध्यक्ष म्हणून निवडून आले. मला ते पटलेलं नाही, पाकांना तर मुळीच नाही. पण त्यांच्या मांडवात मोजणी झाली तेव्हा पाक स्वतः शेवटच्या रेघेपर्यंत उभे होते.

पुणे

मी कुठे गेले नाही, पण आमच्या घरी वरच्या खोलीत २००७ ते २०१० एक इराणी मुलगा भाड्याने होता. मला मावशी म्हणायचा. जून २००९ ला अध्यक्षपदासाठी मत द्यायला तो मुंबईच्या वकिलातीत जाऊन आला. परत आला तो मनगटावर हिरवी पट्टी बांधून, विरोधी उमेदवार मुसावींची. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद बासष्ट-त्रेसष्ट टक्के मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं. तिकडे लोक 'माझं मत कुठे आहे?' असे फलक घेऊन रस्त्यावर आले. हा रात्रभर फोनला चिकटलेला. पट्टी घरात बांधायचा, बाहेर पडताना काढून उशीखाली ठेवायचा. मी विचारलं, "पुण्यात कोणाची भीती?" तर म्हणाला, "इथल्या आमच्याच मुलांची. घरी आई-वडील आहेत."

मला ते लगेच समजलं. आणीबाणीत माझे वडील येरवड्याला होते. आई पोस्टमनशीसुद्धा हळू आवाजात बोलायची. हे मी त्याला सांगितलं, तर तो चकितच झाला. भारतात असं घडलं होतं? मग १९७७ चं सांगितलं, मार्चमधली ती रात्र, रेडिओ, खुद्द पंतप्रधान हरल्या ती बातमी. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मावशी, मतं मोजली कोणी?"

मला आठवायला जरा वेळ लागला. म्हटलं, "माझे काका होते ना. शाळेत मास्तर होते, त्यांची मोजणीला ड्युटी लागली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले आणि आंघोळ करून झोपले."

"मास्तर?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने पुन्हा, "शाळेतले मास्तर?"