मॅक्रो आडवा झाला तेव्हा: आपापले किस्से सांगा

मंडळी, काल ऐन मार्चएंडला तीन वर्षं मुकाट चालणारा माझा एक्सेलमधला मॅक्रो (कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज', म्हणजे मागितलेलं सापडत नाही, म्हणून आडवा झाला. एरर ९. कोडला हात लावला नव्हता, शप्पथ. डीबग दाबलं की तीच पिवळी ओळ, त्यात 'समरी' शीटचं नाव, आणि शीट तर समोर ढळढळीत दिसतेय! सव्वा तास गेला. शेवटी टॅबवर डबलक्लिक करून एंड दाबलं तर कर्सर नावाला चिकटून नाही, एक घर सोडून उभा. कोणीतरी नावामागे स्पेस मारून ठेवलेली. तुमचेही येऊ द्या, फक्त "रीस्टार्ट केलं आणि चाललं" नको.

---

माझा पण एरर ९च, पण कारण अस्सल मराठी. आमच्या तालुक्याच्या ऑफिसात शीटला गावांची नावं, देवनागरीत. व्हीबीएच्या (मॅक्रो लिहायची भाषा) एडिटरमधे ती पेस्ट केली की नुसती प्रश्नचिन्हं! कोणी म्हणालं विंडोजचं लोकेल (भाषेचं सेटिंग) बदल, पण रशियन-जपानीला जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) आहे तसं देवनागरीला नाहीच, मग बदलून काय करणार. अ लिहायला सीएचआरडब्ल्यू(२३०९) असं एकेक अक्षर आकड्यात लिहायचं, सात अक्षरांच्या गावाला हात टेकले. मग गावांची यादी एका शीटवर टाकली आणि मॅक्रोला सांगितलं सेलमधून वाच. चाललं. मेसेज बॉक्समधे अजून ???? दिसतं, ते आता आम्हाला वाचता येतं.

---

साखर कारखान्यात होतो, उसाच्या वजन पावत्यांचा मॅक्रो माझ्याकडे. हंगाम सुरू झाला की फाइल नवी, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर एकदम गुण्यागोविंदाने, आणि जानेवारीत एके रात्री 'ओव्हरफ्लो', एरर ६. यार्डात गाड्यांची रांग, मुकादम डोक्यावर उभा, आणि मी डेटात चुकीचं वजन शोधतोय कारण मला वाटलं कोणीतरी टनाच्या जागी किलो टाकलेत. वजनं सगळी बरोबर होती. ओळी मोजणारा व्हेरिएबल (आकडा ठेवायची जागा) 'इंटिजर' प्रकारचा होता, तो ३२,७६७ पर्यंतच मोजतो. त्याच्या जागी मोठे आकडे मावणारा 'लाँग' लिहिला, संपलं. आदल्या वर्षी ऊसच कमी होता म्हणून कधी तिथवर पोचलोच नव्हतो.

---

सोसायटीच्या मेंटेनन्सची फाइल बाबांना मेल केली, त्यांचा फोन, "अरे व्हायरस पाठवलास का, लाल पट्टी आलीय!" २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो अडवायला सुरुवात केलीय. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकला टिक. हे फोनवर समजवायला पाऊण तास. अर्थात फाइल आपल्या माणसाची असेल तरच करा.

---

इथे सगळे एररला शिव्या घालताय, मला एरर आली असती तर बरं झालं असतं. आधीच्या माणसाने वरतीच 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' लिहून ठेवलेलं, म्हणजे चूक झाली तरी गप्प बसून पुढे जा. पगारपत्रकात व्हीलुकअपला (यादीत शोधणारं सूत्र) एक नवा कर्मचारी सापडला नाही, मग काय, व्हेरिएबलमधे आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहिला आणि तोच ह्याच्या नावापुढे छापला. नव्या पोराला मॅनेजरचा पगार! पोरगा बिचारा प्रामाणिक, स्वतःच सांगायला आला. ती ओळ काढली तेव्हा आत दडलेल्या अजून चार चुका एकदम बाहेर आल्या.

---

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला डेटा असलेली साधी फाइल) मॅक्रोने उघडता का कोणी? १३ तारखेपासून पुढचं बरोबर आणि १ ते १२ मधे दिवस-महिना उलटा असेल तर मॅक्रो तारखा अमेरिकन पद्धतीने (आधी महिना) वाचतोय. फाइल उघडणाऱ्या 'वर्कबुक्स डॉट ओपन' ओळीत 'लोकल ट्रू' द्या, म्हणजे तुमच्या विंडोजच्या सेटिंगप्रमाणे वाचेल. मी आख्खा जून हाताने सुधारत बसले होते.