मार्चअखेरच्या कामाचा भार कसा पेलावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतील एका पतसंस्थेत लेखापाल आहे. 31 मार्च जवळ आला की थकबाकीची वसुली, ठेवींवरील व्याजाची तरतूद, बँक खात्यांचा ताळमेळ आणि लेखापरीक्षणाची पूर्वतयारी ही सारी कामे एकदम अंगावर येतात, आणि काउंटरवरचे रोजचे काम मात्र तसूभरही कमी होत नाही.

काल पिग्मीची (रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींची) तेरीज, म्हणजे खातेवार शिलकांची यादी, जुळवताना थोडा फरक निघाला. तो शोधत असतानाच एक आजोबा पासबुक भरून घ्यायला आले, पाठोपाठ वसुलीचा फोन आला, आणि परत बसल्यावर यादीत कुठपर्यंत खुणा केल्या होत्या हेच उमगेना. आजोबांना ताटकळत ठेवणे मला पटत नाही. संस्था अशाच ठेवीदारांच्या विश्वासावर उभी आहे.

लेखापरीक्षणाला जुलैअखेरपर्यंत मुदत असते, त्यामुळे सगळेच 31 तारखेपूर्वी संपवण्याची गरज नाही, हे मी जाणते. तथापि व्याजाची तरतूद आणि थकीत कर्जांची वर्गवारी त्याच दिवसाच्या स्थितीवर करावी लागते. मग आधी काय हातावेगळे करावे आणि एप्रिलसाठी काय ठेवावे? ताळमेळासाठी सकाळचा निवांत तास बरा, की काउंटर बंद झाल्यानंतरचा? व्यवस्थापकांकडे तात्पुरता मदतनीस मागायचा झाल्यास लेखी अर्जात कामाचा कोणता तपशील द्यावा? रात्री अंथरुणावरही आकडेच डोळ्यांसमोर येतात, म्हणून सहकारी संस्थांत काम केलेल्या जाणकारांनी कृपया स्वतःची पद्धत सविस्तर सांगावी.