गिटारवर एफ बार कॉर्ड काही केल्या साफ वाजेना

नवी_तार: सी, जी, डी, ए मायनर या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जमल्यात, एकीतून दुसरीत जातानाही फारसं अडखळत नाही. पण एफ आली की संपलं! तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकते, जीव खाऊन दाबते, तरी पहिल्या दोन (सगळ्यात बारीक) तारा मुक्याच. अंगठ्याचं मूळ ठणकतं ते वेगळंच. बोटांत ताकद यावी म्हणून ते स्प्रिंगचं यंत्र मिळतं, ते घेऊ का? गिटार अकूस्टिक, स्टीलच्या तारा.

खर्जवाला: यंत्राच्या नादी लागू नका, बोट कुठे पडतंय ते बघा. तर्जनीनं सहाही तारा दाबायच्याच नसतात. या आकारात पाचवी तार अनामिका धरते, चौथी करंगळी, तिसरी मधलं बोट. तर्जनीच्या वाट्याला उरतात फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. म्हणून ती सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलवा, तिथे मांस कमी असतं. पेराच्या वळीत तार सापडत असेल तर बोट जरासं वर-खाली सरकवा. आणि अंगठ्यानं चिमटा काढू नका. कोपर थोडं मागे ओढलंत की हाताचं वजनच काम करतं. ठणकायला लागलं की थांबायचं, तिथे मर्दुमकी नको.

सुरुवात पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात) करा. तिथे हाच आकार ए मेजर वाजतो. एकेक तार सुटी छेडून बघा, साफ आली की एकेक फ्रेट खाली या. नटच्या (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यातून तारा जातात) शेजारी तार दाबायला सगळ्यात जड जाते, म्हणून तर पहिल्या फ्रेटवरची एफ छळते.

कॅपोप्रेमी: आधी गिटारच तपासा हो! तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवरची फट बघा. जेमतेम दिसेल न दिसेल एवढीच हवी. कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) असेल तर पहिल्या फ्रेटवर लावून तोच आकार दुसऱ्यावर धरा. एकदम सोपं गेलं तर नटच्या खाचा उंच आहेत असं समजा. त्या दुरुस्तीवाल्याकडून घासून घ्या, घरी कानस लावू नका. जास्त खोल गेल्या की मोकळी तार झणझणते. सेटमधली सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची असेल तर ०.०१० चा सेटही लावून बघा.

खर्जवाला: हे बरोबर. कॉर्ड साफ आल्यावर मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून चार ठोके सी, चार ठोके एफ. सीच्या शेवटच्या ठोक्यावर हात आधीच सुटला तरी चालेल, एफच्या पहिल्या ठोक्याला मात्र पोचायलाच हवा. ॲपमधला मेट्रोनोम पुरतो.

नवी_तार: फट बघितली, पोस्टकार्ड सहज सरकतंय! नट दाखवून आणते. पाचव्या फ्रेटवर तिसरी तार सोडून सगळ्या वाजल्या. तिसरीच का अडते?

खर्जवाला: मधलं बोट पट्टीपासून लांब पडत असणार. सहाव्या फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून ठेवा, पट्टीवर नको. तरीही अडली तर चौथ्या तारेवरची करंगळी खालून तिला घासतेय का बघा. नखं कापली आहेत ना?